निकोडेमस, कॅन्सस : प्रेअरीतल्या एका गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या बऱ्याच गावांची जन्मकथा एकाच साच्यातली असते. रेल्वे आली, स्टेशन झालं, धान्याची कोठारं उभी राहिली, त्याभोवती गाव वसलं. निकोडेमसला रेल्वे कधी आलीच नाही. आणि हे गाव वसवणाऱ्यांपैकी बहुतेक माणसं अवघ्या बारा वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याने दुसऱ्याच्या मालकीची होती. या गावाबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाहीत.

निकोडेमस नेमकं आहे कुठे?

कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा), सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ. राजधानी टोपेकापासून पश्चिमेला सुमारे २४० मैल. इथे प्रेअरी, म्हणजे गवताळ प्रदेश, कोरडी होत जाते. १०० अंश पश्चिम रेखावृत्त इथून जवळच आहे आणि त्याच्या पलीकडे पावसाचा भरवसा उरत नाही. केवळ पावसाच्या पाण्यावर शेती करायची तर हा अगदी काठावरचा मुलूख. गावाची पुढची सगळी कहाणी या एका गोष्टीशी बांधलेली आहे.

गाव कुणी वसवलं आणि कधी?

एप्रिल १८७७ मध्ये ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन झाली. तिच्यात सहा कृष्णवर्णीय होते आणि डब्ल्यू. आर. हिल हा एक गोरा जमीन-व्यावसायिक. डब्ल्यू. एच. स्मिथ अध्यक्ष झाले, रेव्हरंड सायमन राउंडट्री सचिव. झेड. टी. फ्लेचर हे या मंडळींतलं आणखी एक नाव. पुढे गावातला पहिला व्यवसाय त्यांनीच उभा केला.

कंपनीने १६० एकरांवर गावठाण आखलं आणि जुलैमध्ये जाहिरातीची पत्रकं काढली. सॉलोमनच्या खोऱ्यात सरकारी जमिनीवर हक्काचं घर मिळेल, पाच डॉलर भरून सामील व्हा, असा त्यांचा मथितार्थ. पत्रकात या जागेला ‘वचनदत्त भूमी’ म्हटलं होतं. बायबलमध्ये गुलामीतून सुटलेल्या लोकांना देवाने देऊ केलेली ती भूमी. बायबल ऐकत वाढलेल्या माणसांपर्यंत त्यातला अर्थ लगेच पोहोचला. त्याच जुलैत सुमारे तीस जण आले. सप्टेंबरमध्ये केंटकीतून तीनशेहून अधिक माणसांचा मोठा जथा आला, आणि १८७८ च्या वसंतात आणखी लोक.

ही माणसं केंटकी सोडून का निघाली? गुलामी तर संपली होती ना?

कागदावर संपली होती. राष्ट्राध्यक्ष लिंकनची मुक्ततेची घोषणा फक्त बंडखोर भागांसाठी होती. केंटकी यादवी युद्धात संघराज्याच्याच बाजूला राहिलं, त्यामुळे ती तिथे लागूच झाली नाही. तिथली गुलामी संपायला डिसेंबर १८६५ मधली तेरावी घटनादुरुस्ती यावी लागली. त्यानंतरही जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. राबणारे हात तेच आणि वर्षाच्या शेवटी हिशेबाची वहीही मालकाच्याच हातात. शिवाय मारहाण, जाळपोळ आणि जमावाने फाशी देण्याचे प्रकार. १८७७ च्या वसंतात दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्या शेवटच्या राज्य सरकारांमागचं संघराज्याच्या सैन्याचं पाठबळही काढून घेतलं गेलं. इथून पुढे आपल्याला कुणी वाली नाही, हे दक्षिणेतल्या लाखो लोकांना कळून चुकलं.

निकोडेमसला आलेल्यांपैकी पुष्कळजण लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउनच्या परिसरातले होते. तो हिरवागार, झाडांचा, बारमाही ओढ्यांचा मुलूख. तो सोडून निघायचं तर मनाची किती तयारी लागली असेल, हे प्रेअरी पाहिल्याशिवाय नीट उमजत नाही.

मग कॅन्ससच का?

त्याला दोन कारणं होती. पहिलं कॅन्ससचं नाव. १८५०च्या दशकात गुलामीच्या प्रश्नावर इथे रक्त सांडलं होतं, गुलामीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन इथे लढला होता, आणि १८६१ मध्ये गुलामीमुक्त राज्य म्हणून कॅन्सस संघराज्यात आलं. दुसरं कारण १८६२ चा होमस्टेड कायदा. थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा नोंदवायचा, तिथे पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची आणि मग ती नावावर करून घ्यायची. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचं रान नांगरलं, त्यांना यापेक्षा मोठं आमिष कुठलं असणार?

सगळ्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचा या स्थलांतराला पाठिंबा होता का?

नव्हता. १८७९ मध्ये मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसीतून हजारो लोक कॅन्ससकडे निघाले. त्यांना ‘एक्सोडस्टर’ म्हणतात. निकोडेमसची माणसं त्यांच्याआधी आली होती. तेव्हा स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लससारख्या नेत्याने जाहीर विरोध केला. दक्षिणेत राहूनच हक्क मिळवले पाहिजेत, निघून गेलो तर हक्क सोडल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं. तत्त्व म्हणून त्यात वजन आहे. पण ज्याच्या दारात रात्री जमाव येतो त्याने आणखी किती वर्षं थांबायचं, याचं उत्तर त्यात नाही. मला निघालेल्यांचं पटतं.

ही जमीन आधी कुणाची होती?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पॉनी, कान्सा, शायान, अरापाहो या जमातींचा इथे वावर होता, शिकारीच्या वाटा होत्या. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारानंतर दक्षिणेकडच्या शायान आणि अरापाहो लोकांना इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हटवण्यात आलं. बायसनचे, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांचे, कळप मारून संपवले गेले. सरकारी कागदांत जिला ‘मोकळी जमीन’ म्हटलं जायचं, ती अशी मोकळी केलेली होती. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्या वाट्याला आलेली जमीनही दुसऱ्या कुणाकडून हिसकावलेलीच होती. निकोडेमसबद्दल आदर बाळगूनही हे सांगायलाच हवं.

गावाला ‘निकोडेमस’ नाव कसं पडलं?

दोन मतं आहेत. बायबलमध्ये रात्रीच्या वेळी येशूला भेटायला येणारा निकोडेमस आहे. दुसरा निकोडेमस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, पुढे स्वतःची किंमत मोजून स्वातंत्र्य विकत घेतलेल्या गुलामाच्या दंतकथेतला. त्याच्यावरचं एक गाणं त्या काळात लोकप्रिय होतं, आणि कंपनीच्या पत्रकांवर त्याची छाया दिसते. मला दुसरं मत जास्त पटतं.

जाहिरातीत सांगितलं तसं गाव होतं का?

नव्हतं. म्हणायला गाव होतं, पण ते नकाशावर.

लोक रेल्वेने एलिसपर्यंत यायचे. तिथून पुढे सुमारे ३५ मैल चालत किंवा भाड्याच्या घोडागाडीने. रस्ता नाही, खुणेला एखादं झाड नाही, चहूकडे फक्त गवत. १८७८ च्या वसंतात आलेल्या जथ्यात विलियाना हिकमन होती, रेव्हरंड डॅनियल हिकमन यांची पत्नी. एलिसला मुक्कामात गोवराची साथ आली आणि जथ्यातली काही मुलं दगावली. त्यांना पुरून माणसं पुढे निघाली. होकायंत्र पाहत दिशा धरायची, रात्री शेकोट्या पेटवायच्या. दुसऱ्या दिवशी पुरुष ओरडू लागले, ते पाहा निकोडेमस! विलियानाने नजर ताणून पाहिलं, पण घरं कुठे दिसेनात. नवऱ्याला विचारलं तेव्हा त्याने बोट दाखवलं. जमिनीतून धूर निघत होता. माणसं जमिनीखाली राहत होती. ते पाहून आपल्याला रडू कोसळलं, असं तिने म्हातारपणी सांगून ठेवलं आहे.

काही कुटुंबं आल्यापावली माघारी गेली. हिलवर लोक इतके संतापले की त्याला जीव वाचवायला लपून बसावं लागलं, अशी आठवण गावात सांगतात. विलियाना मात्र राहिली, आणि हिकमन कुटुंब पुढे बरीच वर्षं इथे नांदलं.

जमिनीखालची घरं म्हणजे काय? त्यांत लोक राहायचे कसे?

त्यांना ‘डगआउट’ म्हणतात. प्रेअरीवर लाकूड नाही, विटा नाहीत, विकत आणायला पैसे नाहीत. मग टेकाडाच्या उतारात किंवा ओढ्याच्या दरडीत आत खणत जायचं. एक खोली होईल एवढी जागा झाली की वर नदीकाठची वेडीवाकडी लाकडं आडवी टाकायची, त्यावर फांद्या आणि गवत, आणि सगळ्यांत वर मुळ्यांसकट कापून काढलेली गवताची ढेकळं. पुढच्या बाजूला दार, जमलं तर छोटीशी खिडकी, कोपऱ्यात चूल आणि धुराडं. हिवाळ्यात ही खोली ऊब धरायची आणि उन्हाळ्यात गार राहायची. पण पाऊस लागला की छतातून चिखल गळायचा आणि भिंतीतून साप-उंदीर निघायचे. गावातलं पहिलं मूल, हेन्री विल्यम्स, १८७७ च्या शरद ऋतूत अशाच घरात जन्मलं.

जळणाला झाडं नव्हतीच. मग माळावर सापडणाऱ्या बायसनच्या रानशेण्या, सूर्यफुलाची वाळकी ताटं, नदीकाठची वाळुंजाची काटकुळं. ज्याने कधी रानशेण्या वेचून चूल पेटवली असेल, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिला हिवाळा निभावला कसा?

मदतीवर आणि चिकाटीवर. सप्टेंबरात येऊन पेरणी होण्यासारखी नव्हती. शिधा संपत आला तेव्हा गावाने कॅन्ससमधल्या इतर वस्त्यांकडे मदतीसाठी माणसं पाठवली. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याकडचं मांस आणि अन्न वाटून दिलं, ही आठवण गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आधीच्या उत्तरातली जमिनीची गोष्ट लक्षात घेतली तर या आठवणीचं मोल आणखी वाढतं.

पुरुष रेल्वेच्या कामावर आणि पूर्वेकडच्या शेतांवर मजुरीला गेले. काहीजण थेट डेन्व्हरपर्यंत पोहोचले. बायका मुलांना घेऊन मागे राहिल्या आणि जमिनीवरचा दावा त्यांनी टिकवला. माणूस जागेवर राहिला नाही तर होमस्टेडचा हक्क जायचा, हे विसरून चालत नाही. मारल्या गेलेल्या बायसनांची हाडं माळावर पसरलेली होती. ती गोळा करून विकली तर टनाला सहाएक डॉलर मिळायचे. खतासाठी आणि साखर शुद्ध करण्याच्या कामी त्यांना मागणी होती.

नांगर आणि जनावरं नसताना शेती कशी केली?

कुदळ, फावडं आणि टिकावाने. संपूर्ण वसाहतीत घोडे बोटांवर मोजण्याइतके होते. प्रेअरीचं गवत वरून वीतभर दिसलं तरी त्याच्या मुळ्यांचं जाळं खोल आणि घट्ट असतं. लोखंडी नांगराला जोडी जुंपूनही ते सहज फाटत नाही. ते माणसांनी हातांनी फोडलं. पहिल्या वर्षी एकेका कुटुंबाची जेमतेम काही एकर जमीन लागवडीखाली आली. एकशे साठ एकरांचा मालक व्हायला आलेला माणूस दिवसभर राबून बिघाभर जागा मोकळी करू शकत नव्हता. तरी मका लावला, गहू पेरला, दुसऱ्या वर्षी थोडं अधिक केलं. कुणाकडे घोडा आला की तो आळीपाळीने सगळ्यांच्या शेतात जायचा.

शाळा कधी सुरू झाली?

जवळजवळ लगेच. झेड. टी. फ्लेचर यांची पत्नी जेनी फ्लेचर गावातली पहिली शिक्षिका, आणि पहिले वर्ग भरले तेही डगआउटमध्येच. गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत कृष्णवर्णीयांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. त्यामुळे पोटात पुरेसं अन्न नसतानाही गावाने शाळेची घाई का केली, हे समजतं. आज उभी आहे ती शाळेची इमारत १९१८ ची.

गाव वाढून वाढून किती मोठं झालं?

१८८०च्या दशकाच्या मध्यावर निकोडेमस ऐन भरात होतं. वसाहतीत काहीशे माणसं होती. जमिनीखालून लोक वर आले. आधी गवती ढेकळांची घरं बांधली, मग लाकडाची आणि इथल्या पिवळसर चुनखडीची. फ्लेचर यांनी १८८०च्या सुमारास सेंट फ्रान्सिस हॉटेल उभं केलं. किराणा आणि कापडाची दुकानं, औषधांचं दुकान, बँक, चर्च, साहित्य मंडळ, बेसबॉलचा संघ, आइस्क्रीमचं दुकानसुद्धा. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ हे वृत्तपत्र निघालं आणि पुढच्या वर्षी ‘निकोडेमस एंटरप्राइज’. गावात आणि आसपास काही गोरी कुटुंबंही होती आणि गोऱ्यांची दुकानंही. एवढ्या छोट्या गावात दोन-दोन वृत्तपत्रं चालायची, यावरून तिथल्या माणसांच्या उमेदीचा अंदाज येतो.

एडवर्ड मकेब कोण?

गावाला मिळालेला सर्वांत कर्तबगार राजकारणी. १८७८ मध्ये अब्राम हॉल या मित्राबरोबर तो शिकागोहून आला. १८८० मध्ये ग्रॅहम काउंटीची रीतसर स्थापना झाली तेव्हा गव्हर्नर जॉन सेंट जॉन यांनी त्याला काउंटीचा हंगामी क्लर्क नेमलं. १८८२ मध्ये तो राज्याचा ऑडिटर, म्हणजे हिशेब-तपासनीस, म्हणून निवडून आला आणि १८८४ मध्ये पुन्हा. कॅन्ससमध्ये राज्य पातळीवर निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय. पुढे तो ओक्लाहोमात गेला आणि १८९० मध्ये लँगस्टन हे गाव उभारण्यात त्याने पुढाकार घेतला.

रेल्वे का आली नाही?

त्या काळात प्रेअरीतल्या गावाचं भवितव्य रुळांवर ठरायचं. गहू बाजारात न्यायचा तर गाडी हवी. स्टेशन शेजारच्या गावाला मिळालं तर व्यापारी बस्तान गुंडाळून तिकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून गावं रेल्वे कंपन्यांना पैसे देऊ करायची.

निकोडेमसनेही तेच केलं. १८८७ मध्ये मतदारांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी दहा वर्षांत एवढा बोजा उचलायची तयारी दाखवली. पण बोलणी फिसकटली. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकची लाइन आली, ती नदीच्या दक्षिण बाजूने, गाव टाळून. रेल्वेच्या कामगारांची छावणी काही मैलांवर पडली आणि तिथे बोग हे गाव उभं राहिलं. वर्षभरात निकोडेमसचे दुकानदार तिकडे निघाले, वृत्तपत्रंही बंद पडली.

गाव मागे पडलं त्याला वर्णद्वेष कारणीभूत होता की निव्वळ धंद्याचा हिशेब, यावर चर्चा होते. रेल्वेने गोऱ्यांची गावंही अशीच वाऱ्यावर सोडली. त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. इतकं मात्र नक्की की गावकऱ्यांच्या हातात होतं ते सगळं त्यांनी केलं होतं.

म्हणजे गाव संपलं?

बाजारपेठ संपली. वस्ती राहिली, कारण जमिनी नावावर झाल्या होत्या. दुकानदाराला माल गाडीत घालून बोगला जाता येतं, शेतकऱ्याला शेत उचलून नेता येत नाही. बहुतेक लेखांत १८८८ नंतर निकोडेमसचं नाव ‘अयशस्वी गावांच्या’ यादीत टाकलेलं दिसतं, ते मला मान्य नाही. ही माणसं दुकान थाटायला आली नव्हती. ती जमीन मिळवायला आली होती, आणि ती त्यांनी मिळवली. १९०७ मध्ये, म्हणजे रेल्वे हुकल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, बाप्टिस्ट मंडळींनी चुनखडीचं नवं चर्च बांधलं.

खरा घाव १९३०च्या दशकात बसला. दुष्काळ, धुळीची वादळं आणि मंदी एकदमच आली. १९३५ पर्यंत गावात ७६ माणसं उरली होती. दशकाच्या शेवटी सरकारी रोजगार योजनेतून दगडी टाउनशिप हॉल, म्हणजे गावाचं सभागृह, बांधला गेला, त्याने काही हातांना काम मिळालं. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झालं. पुढची पिढी टोपेका, डेन्व्हर, कॅलिफोर्नियाकडे पांगली. तरी याच काळात इथे वाढलेला व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या संघाकडून अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरला. निकोडेमसमधली घरची शेतजमीन त्याने पुढेही सोडली नाही.

गावाला राष्ट्रीय दर्जा कधी मिळाला?

१९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीतलं ‘नॅशनल हिस्टॉरिक साइट’ झालं. यामागे वंशजांनी केलेली कित्येक वर्षांची खटपट आहे. पाच वास्तू त्यात येतात: सेंट फ्रान्सिस हॉटेल, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, फर्स्ट बाप्टिस्ट चर्च, शाळा आणि टाउनशिप हॉल.

महात्मा फुल्यांचा या विषयाशी संबंध कसा?

थेट निकोडेमसशी नाही, पण त्यामागच्या लढ्याशी नक्की आहे. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. त्यानंतर चारच वर्षांनी ते मुक्त झालेले लोक सॉलोमनच्या काठी डगआउट खणत होते. स्वातंत्र्याचा कायदा झाला तरी शिक्षण आणि जमीन यांच्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, हे जोतीराव पुण्यात मांडत होते आणि निकोडेमसची माणसं जगत होती. म्हणून मराठी वाचकाला हे गाव परकं वाटू नये.

होमकमिंग म्हणजे काय?

गावाची जत्राच म्हणा. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज वसाहतींतली गुलामी १ ऑगस्ट १८३४ रोजी रद्द झाली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ निकोडेमसमध्ये सुरुवातीपासून मुक्तिदिन साजरा होतो. पूर्वी तो स्क्रग्ज यांच्या शेतातल्या झाडीत भरायचा. चक्री पाळणा, घोड्यांच्या शर्यती, बेसबॉल, मुष्टियुद्ध आणि आसपासच्या काउंट्यांतून लोटलेली गर्दी. आता जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस देशभरातून वंशज येतात. संचलन निघतं, चर्चमध्ये प्रार्थना होते, जेवणावळी उठतात. एरवी जेमतेम काही माणसं राहतात अशा या गावात त्या दिवसांत शेकडो लोक असतात.

जायचं असेल तर कसं जावं?

कॅन्सस सिटी ते डेन्व्हर हा आय-७० रस्ता अमेरिकेतली आपली बरीच कुटुंबं गाडीने करतात. पूर्वेकडून येत असाल तर हेजला उत्तरेकडे वळून यूएस-१८३ ने स्टॉकटनला जा, तिथून यूएस-२४ वर पश्चिमेला. डेन्व्हरकडून आलात तर वकीनीहून यूएस-२८३ ने हिल सिटी गाठा आणि पूर्वेला वळा. गाव हमरस्त्यालाच लागून आहे. माहिती केंद्र टाउनशिप हॉलमध्ये आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. केंद्राचे दिवस आणि वेळा उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या. वास्तूंच्या अवतीभोवती लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा खासगी आवारात शिरू नका. पेट्रोल आणि खाण्याची सोय हिल सिटी किंवा स्टॉकटनलाच करून ठेवा, आणि उन्हाळ्यात पाणी जवळ असू द्या.